थंड मुलुखातील परसबाग व काही अपरिचित कंद

(मंडळाच्या इंग्लंडमधील सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



येथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांकडून वारंवार विचारणा होते की, करांदे, कणगर, कोनफळ येथील परसात होतील काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: होणार नाहीत. या वेलांना कित्येक महिने सलग ऊब हवी. येथील उन्हाळा तर आला आला म्हणेपर्यंत संपतो. काचघर असेल त्याने हौस पुरवावी, पण त्यावर घराचा स्वयंपाक चालणार नाही. शिवाय देशातून येताना पेटीत कंद घालून आणणे कायद्यासही संमत नाही. लागवडीच्या कंदास वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, आणि तो नियम आम्हांस योग्यच वाटतो. कारण विषाणू कंदाच्या पोटात बसून, बाहेर कसलीही खूण न दाखविता प्रवास करतात.

तेव्हा जे येथे रुजत नाही त्याचा ध्यास सोडून, जे थंडीतच वाढते त्याकडे वळावे, असे आमचे मत आहे.

अंगणात उगवणारी अंबुशी आपणां सर्वांस परिचित आहे. तिच्याच कुळातील एक वनस्पती दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, शतकानुशतके पिकविली जाते. तिचे नाव ओका. पाने अंबुशीसारखीच तीन दळांची. कंद बोटाएवढे, सुरकुतलेले, लाल, पिवळे वा पांढरे. न्यूझीलंडमध्ये हे पीक एकोणिसाव्या शतकात पोहोचले आणि तेथे ते बाजारात सर्रास मिळते, मात्र ‘याम’ या नावाने!

ओकाची खरी अडचण थंडीची नसून दिवसाच्या लांबीची आहे. विषुववृत्ताजवळच्या त्या पर्वतांत दिवस वर्षभर सुमारे बारा तासांचा असतो. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा. इतका प्रकाश असेतोवर ओका नुसता पाला वाढविते. दिवस बारा तासांच्या आसपास उतरला, म्हणजे सप्टेंबरचा शेवट आला, की मग कंद धरू लागते. आणि लगेच ऑक्टोबर-नोव्हेंबरात दहिवर गोठून पाला जळतो! पिकाचे सारे भवितव्य या थोड्या आठवड्यांत ठरते. म्हणून एप्रिलमध्ये कंद घरात कुंडीत लावावेत, मे अखेर रोपे वाफ्यात न्यावीत, आणि शरदात पहिल्या थंड रात्रींपूर्वीच त्यांवर पातळ कापड पसरावे. पाला करपला म्हणून घाईने खणू नये. देठांतील सत्त्व खाली उतरत असते. दोन आठवडे थांबल्यास कंद पुष्कळ भरतात. गोगलगाई व उंदीर यांच्यावर मात्र डोळा ठेवावा लागतो.

पाककृतीविषयी भगिनींना आम्ही काय सांगावे? तथापि एवढे सांगतो की, ओका सोलावी लागत नाही, लवकर शिजते, आणि जिरे, मिरची व दाण्याचे कूट घालून केलेल्या भाजीस कोकमाची गरज उरत नाही. आंबटपणा जास्त वाटल्यास कंद काही दिवस उन्हात ठेवावेत, गोडी येते. हा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा असल्याने मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेताने खावे.

काही वडीलधाऱ्यांनी शंका काढली की, हे कंद उपवासास चालतील काय? धर्मनिर्णय देण्याचा आमचा अधिकार नाही. पण बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, आणि ज्याचा साबुदाणा होतो तो टॅपिओकाचा कंद, ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातलीच. त्यांना एकादशीच्या पानात जागा मिळाली; मग ओकानेच काय घोडे मारले आहे?

याकॉन हा दुसरा कंद. सूर्यफुलाच्या कुळातला, रसाळ व गोड. सोलून कच्चा खावा, कोशिंबीर उत्तम होते. येथे एक सावधगिरी आहे. खाण्याची मुळे पेरून काही उगवत नाही. बुंध्याशी जे लहान गाठाळ कोंब असतात तेच बियाणे होय. ते ओलसर मातीत, गारठ्यापासून जपून ठेवावे. जेरुसलेम आर्टिचोकला त्या नगरीशी काही कर्तव्य नाही; तो उत्तर अमेरिकेचा. त्यात पिष्टाऐवजी इन्युलिन असल्याने पोटात वायू धरतो, आणि एकदा लावला की वाफा सोडत नाही. पाहुण्यांना वाढण्यापूर्वी विचार करावा.

या सर्व पिकांची वाण-परंपरा कंदांतूनच चालते. एका हिवाळ्यात सारे कंद कुजले वा खाऊन संपले, तर त्या घरचे वाण संपले. कोकणातील कित्येक परसांतून कणगर असेच गेले. ज्या आजीला त्याची जागा ठाऊक होती ती गेली, आणि मागाहून कोणी खणले नाही. एकच वाण दहा घरी असेल तर नऊ घरी बुडूनही दहाव्या घरी राहते.

आमच्यापाशी लाल ओकाचे निरोगी असे चाळीस कंद बियाण्यासाठी राखलेले आहेत. दहा कुटुंबांस प्रत्येकी चार, याप्रमाणे ते आज हातोहात देऊ. ज्यांना हवे असतील त्यांनी चहापानाच्या वेळी नावे नोंदवावीत, आणि पुढील मेळाव्यास येताना चाराचे आठ करून आणावेत.