संकल्प मुलांच्या हस्ताक्षरात

(नववीतून दहावीत जाणारे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन नववीतला मुलगा घरी येतो. दप्तर कोपऱ्यात टाकून तो पंख्याखाली बसतो न बसतो, तोच आई भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखवते. दहावीच्या सुट्टीतल्या क्लासचे शुल्क वडिलांनी आधीच भरलेले असते. सकाळी सात ते अकरा क्लास, दुपारी तिथला गृहपाठ, संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचे शिबिर. मुलाच्या सुट्टीचा एकेक तास वाटून झालेला असतो आणि हे त्याला शेवटी कळते.

शेजारच्या घरात नेमके उलटे चित्र असते. तिथे कसलाच बेत नसतो. उठण्याची वेळ आठवरून दहावर, दहावरून अकरावर सरकते. दुपार मोबाईलच्या पडद्यावर आणि रात्र दूरचित्रवाणीसमोर संपते. जूनमध्ये नव्या पुस्तकांना कव्हरे घालताना त्या घरातही प्रश्न पडतो, ‘एवढी मोठी सुट्टी गेली कुठे?’

ही दोन घरे परस्परविरुद्ध वाटतात, पण एका बाबतीत ती सारखीच आहेत. या सुट्टीत मुलाने स्वतः काय ठरवले होते, या प्रश्नाला दोन्हींकडे उत्तर नाही. एका घरी ते दुसऱ्यांनी ठरवले, दुसऱ्या घरी कोणीच ठरवले नाही. वर्षभर घंटेच्या तालावर चालणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या वेळेवर राज्य करण्याची संधी वर्षातून एकदाच मिळते. ती दोन्ही घरांत वाया जाते.

चव्वेचाळीस दिवसांचा हिशेब

२ मे ते १४ जून अशी सुट्टी धरली, तर ती चव्वेचाळीस दिवसांची होते. विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे शाळा उशिरा उघडतात, तिथे आणखी काही दिवस मिळतात. दररोज केवळ एक तास बाजूला काढला तरी चव्वेचाळीस तास होतात. चाळीस मिनिटांची एक तासिका धरली, तर या सहासष्ट तासिका झाल्या. शाळेत एखाद्या विषयाला आठवड्याला सहा-सात तासिका मिळतात असे मानले, तर ही जवळजवळ दहा आठवड्यांची शिकवणी होय. दिवसाच्या चोवीस तासांपैकी तेवीस तास आंब्याला, आजोळला, मित्रांना आणि झोपेला देऊनही हे साधते. म्हणून ‘सुट्टीत अभ्यास की मौज?’ हा वादच चुकीच्या पायावर उभा आहे. सहा आठवड्यांत दोन्हींना पुरून उरेल एवढा अवकाश असतो. त्या एका तासाचा धनी कोण, एवढेच ठरवायचे असते.

संकल्प कशाला म्हणतात?

आपल्या घरांत पूजेच्या आरंभी संकल्प सोडतात. त्याची रचना लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. प्रथम काळाचा उच्चार होतो : संवत्सर, मास, पक्ष, तिथी. त्याबरोबरच स्थळाचाही उच्चार होतो. त्यानंतर करणारा आपले गोत्र व नाव सांगतो आणि शेवटी कोणते कर्म करणार हे बोलतो. केव्हा, कोठे, कोण आणि काय, या चारही गोष्टी स्पष्ट झाल्यावरच हातावरचे पाणी सोडले जाते. मंत्र गुरुजी सांगतात, पण पाणी यजमानालाच सोडावे लागते. ते काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

आधुनिक मानसशास्त्रही याच ठिकाणी पोहोचले आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९मध्ये मांडलेला निष्कर्ष असा की, ‘मी अमुक करीन’ एवढीच इच्छा धरणाऱ्यांपेक्षा ते केव्हा, कोठे व कसे करणार हे आधी ठरवणाऱ्यांच्या हातून काम तडीस जाण्याचा संभव अधिक असतो. ‘सुट्टीत गणित पक्के करायचे’ ही इच्छा झाली. ‘रोज सकाळी सात वाजता, गच्चीच्या जिन्याजवळच्या टेबलावर, बीजगणिताची दहा उदाहरणे’ हा संकल्प झाला. पहिल्याचे अपयश कधी कळतच नाही. दुसऱ्याचा निकाल रोज सकाळी आठ वाजता लागतो.

अभ्यासाचे ध्येय : एकच, पण नेमके

सगळ्या विषयांचा सगळा अभ्यास हे ध्येय नव्हे, ती भीती आहे. विद्यार्थ्याने सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या नववीच्या उत्तरपत्रिका आणि वह्या समोर घ्याव्यात. गुण किती पडले हे न पाहता ते कोठे गेले हे पाहावे. एखाद्याला दिसेल की त्याची रीत बरोबर आहे, पण ऋण चिन्हे वारंवार चुकतात. एखादीला दिसेल की विज्ञान समजते, मात्र उत्तर चार वाक्यांत मांडता येत नाही. ही गळती जिथे सापडेल तिथेच सुट्टीचा तास द्यावा.

राज्य मंडळाच्या बीजगणिताचेच उदाहरण घेऊ. दहावीच्या पुस्तकात प्रारंभी दोन चलांतील रेषीय समीकरणे येतात आणि पाठोपाठ वर्गसमीकरणे येतात. ज्याला नववीतल्या बहुपदी आणि अवयव पाडण्याची रीत येत नाही, तो जूनमध्ये वर्गसमीकरणांपाशी अडखळणार आणि त्याला वाटणार की दहावी अवघड आहे. वास्तविक अवघड दहावी नसते, कच्ची नववी असते. सुट्टीत दहावीची अर्धी पुस्तके ‘संपवण्या’पेक्षा नववीची दोन प्रकरणे दुरुस्त करणे अधिक लाभाचे ठरते.

विसरण्याबद्दलही थोडे सांगायला हवे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५मध्ये ते प्रसिद्ध केले. माणूस आरंभी झपाट्याने विसरतो, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. अमेरिकेतील अभ्यासांचा हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये घेतलेला आढावा सांगतो की, उन्हाळी सुट्टीनंतर मुले सरासरीने सुमारे एक महिन्याच्या शिक्षणाइतकी मागे पडतात आणि गणितात ही घसरण अधिक असते. तिकडची सुट्टी लांब असते, म्हणून तो आकडा इकडे जसाच्या तसा लावू नये. तात्पर्य मात्र घ्यावे. गणित हाताला लागते, ते हातातूनच सुटते.

उपायही साधा आहे. वाचलेले पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग पुस्तक उघडून ताडून पाहावे. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६मध्ये दाखवले की, काही दिवसांनंतर स्मरणात किती राहते हे पाहिले, तर पुनर्वाचनापेक्षा अशी स्वतःची परीक्षा घेणे अधिक उपयोगी पडते. यासाठी क्लासही लागत नाही आणि शुल्कही नाही.

गुणपत्रिकेबाहेरचे ध्येय

दुसरे ध्येय असे असावे की, ज्याला कोणी गुण देणार नाही. पोहायला शिकणे, आठवड्यातून दोनदा घरच्यांसाठी भाजी-भाकरी करणे, आजीकडून तिच्या बालपणीच्या गावाची हकिकत ऐकून वहीत उतरवणे, बँकेत जाऊन पैसे भरण्याची चिठ्ठी स्वतः भरणे, मोडी लिपी वाचायला लागणे. यांतले एक पुरे. मोडीचेच पाहा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत आणि ते वाचणारे थोडे आहेत. रोज एक तास दिला, तर सहा आठवड्यांत शाळकरी मुलाला मोडी अक्षरे ओळखता येऊ लागतात. घरातला पणजोबांच्या काळचा एखादा कागद त्याने अडखळत का होईना वाचला, तर घरातला त्या दिवसाचा आनंद कोणत्याही टक्केवारीत मोजता येणार नाही.

अशा बिनगुणांच्या कुतूहलातून काय उभे राहते, याचे मुंबईतलेच उदाहरण सलीम अली यांचे आहे. १९०८च्या सुमारास गिरगावाजवळच्या खेतवाडीत राहणाऱ्या या मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. मामांची चिठ्ठी घेऊन तो मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तेथील सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि संग्रहातले पक्षी त्याला दाखवले. शाळेत गणिताशी झगडणारा हा मुलगा पुढे देशातला अग्रगण्य पक्षितज्ज्ञ झाला. प्रत्येक मूल सलीम अली होणार नाही आणि तशी अपेक्षाही नको. मात्र प्रश्न त्या मुलाचा स्वतःचा होता आणि कार्यालयाचा जिना तो स्वतः चढून गेला, हे विसरू नये.

मोडलेल्या दिवसाचे काय?

पहिला आठवडा उत्साहाने जातो. मग मामाचे लग्न निघते, आजोळी कैऱ्यांची लोणची घालायची असतात, एखाद्या दिवशी ताप येतो. दोन दिवस मोडले की मूल सगळाच बेत सोडून देते. यासाठी चव्वेचाळीस दिवसांचा बेत तीसच दिवसांचा आखावा आणि चौदा दिवस मोकळे ठेवावेत. दिनदर्शिकेवर पाळलेल्या दिवसापुढे खूण करावी. दर रविवारी दहा मिनिटे मुलाने स्वतः त्या खुणा मोजाव्यात. बेत जड वाटला तर दहाऐवजी सहा उदाहरणे करावीत, पण वेळ बदलू नये. संकल्प लहान करण्यात कमीपणा नाही. तो अवाढव्य केला, तर त्यावरच पाणी सोडण्याची वेळ येते.

सर्वांना अशी मोकळी सुट्टी मिळत नाही, हेही ध्यानात असावे. कोणी वडिलांच्या दुकानात उभा राहतो, कोणी बागेत आंबे उतरवतो, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळते. त्यांना एक तास मिळणार नाही, वीस मिनिटे मिळतील. त्यांनी वीस मिनिटांचाच संकल्प करावा. ज्यांच्या घरी सारे काही आहे, त्यांनी आपली नववीची पुस्तके अशा एखाद्या घरी पोहोचवणे हेही सुट्टीचे उत्तम ध्येय ठरेल.

पालकांनी फळा द्यावा, उत्तर देऊ नये

पालकांची शंका रास्त आहे : ‘दहावीसारखे वर्ष, मुलांवर सोडून कसे चालेल?’ त्यावर दिवंगत खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्या बालपणातली गोष्ट सांगण्याजोगी आहे. बनारसच्या त्यांच्या घरी मोरेश्वर हुजूरबाजार हे त्यांचे मामा राहत असत. घरातल्या फळ्यावर ते जयंतसाठी गणिताचे एक कूट लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा जयंत हार मानीपर्यंत फळ्यावरच राही. मामांनी आव्हान दिले, वेळ भाच्याची होती. मदत आणि हस्तक्षेप यांतले अंतर या फळ्याएवढेच आहे.

तेव्हा क्लास लावायचाच असेल तर जरूर लावावा, पण मुलाचा स्वतःचा एक तास त्यात बुडू देऊ नये. त्याचा संकल्प दुरुस्त करू नये. शेजारच्या मुलीच्या बेताशी त्याची तुलना करू नये. मोबाईलचा नियम करायचा तर तो घरातल्या सर्वांसाठी करावा. जेवणाच्या वेळी वडिलांच्या हातात मोबाईल असेल, तर मुलाला सांगितलेला नियम भिंतीवरून घसरून पडतो. आणि मुलाने ठरवलेले नाही जमले, तर ‘मला वाटलेच होते’ हे वाक्य ओठांवर आले तरी गिळावे. स्वतः ठरवलेले मोडल्यावर पुन्हा कसे जोडायचे, हे चौदाव्या-पंधराव्या वर्षी घरात शिकता आले, तर पुढे वसतिगृहात आणि नोकरीत ते कोणाला शिकवावे लागत नाही.

आज घरी गेल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने एक कागद घ्यावा. त्यावर दोनच ओळी लिहाव्यात : एक अभ्यासाची, एक अभ्यासाबाहेरची. प्रत्येकीत वेळ, जागा आणि काम असावे, खाली स्वतःची सही असावी. आईवडिलांनी तो कागद वाचावा, एकही शब्द न बदलता स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवावा. शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून तो पुन्हा वाचावा. त्या रात्री काय साधले, काय राहिले, हे मुलालाच सांगू द्यावे.