अनाशी ढाकाचा सण आणि ईस्टरचा ससा
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

मी विदुषी नव्हे. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेतला, लग्नानंतर जर्मनीत गेले आणि कोलोन शहराजवळच्या एका रुग्णालयात निवृत्त होईपर्यंत परिचारिका म्हणून काम केले. माझी थोरली बहीण आपल्या सिनेगॉगची जुनी सभासद आहे आणि सणावाराला मी तिच्याकडे इस्राएलला येत असते, एवढीच माझी आपल्याशी ओळख.

विषय मला माझ्या बहिणीच्या नातवाने दिला. पेसाहच्या तयारीत बहीण सहज म्हणाली, "अनाशी ढाकाचा सण आला, बरण्या आवरायला हव्यात." तो मुलगा म्हणाला, "मावशीआजी, तुमची आजी पुरीमला होळीचा सण म्हणायची ना? मग आपण आधी हिंदू होतो का?" बहिणीने त्याला गप्प केले. मला मात्र वाटले की मुलाने प्रश्न सरळ विचारला आहे, तर त्याला उत्तरही सरळ मिळाले पाहिजे.

आपल्या जुन्या सणांची नावे आठवून पाहा. नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा सण. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपला इतिहास 1897 पर्यंत लिहून पुरा केला, तो छापून निघाला 1937 साली, तेल अवीवला. त्यात ही नावे नोंदलेली आहेत. या नावांत मिसर देशाची कथा नाही, राणी एस्तेर नाही, मंदिराचा विध्वंस नाही. खीर आहे, बिरडे आहे, बंद केलेले दार आहे, झाकलेले भांडे आहे. ही नावे पंडितांनी ठेवलेली नाहीत. ती चुलीपाशी बसलेल्या बायकांनी ठेवलेली असावीत असे माझे स्पष्ट मत आहे.

अनास म्हणजे काय? केहिमकर सांगतात त्याप्रमाणे ते आंबट पातळ पदार्थाचे भांडे. तोंडी लावायला म्हणून ते घरात नेहमी असे. वर्षातून एकदा, पेसाहच्या दिवसांत, त्याचे तोंड झाकून ठेवीत व त्यातले काही घेत नसत. म्हणून ढाकाचा, म्हणजे झाकण्याचा सण. आंबवलेले घरात वापरायचे नाही ही तोराची आज्ञा. ती आज्ञा लिहिलेला ग्रंथ कोकणातल्या आपल्या पूर्वजांजवळ उरलेला नव्हता, हिब्रू वाचता येत नव्हते, शेमा तेवढा तोंडपाठ होता. घाणा चालवीत, शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक शनवार तेली म्हणत. मिसरातून सुटकेची हकीकत विसरली गेली होती. पण त्या महिन्यात त्या दिवशी आंबट भांडे झाकायचे, हे कोणी विसरले नाही. नवशिके डॉक्टर रुग्णाचा जुना कागद हरवला म्हणजे घाबरतात. जुन्या सिस्टरला मात्र कोणत्या खाटेवर कोणते पथ्य हे कागदावाचून ठाऊक असते. आपल्या आज्यांचे तसेच झाले.

पुढे कोचीनहून शिक्षक आले. मिशनरी आले. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मराठी बायबलामुळे वल्हांडणाची सारी कथा आपल्या लोकांना आपल्या भाषेत वाचायला मिळाली. त्यांचा हेतू वेगळा होता, पण आपले लोक वाचायला शिकले आणि अधिक घट्ट यहुदी झाले. 1846 साली मुंबईत मराठी अर्थासह हगदा शिळाछापावर निघाला, 1874 साली पुण्यात दुसरा. पुण्याच्या हगदात आपल्याकडच्या वेषातील बायका जमिनीवर बसून मस्सा करताना दाखवल्या आहेत. म्हणजे कारण परत आले तेव्हा कृती घरात हजरच होती. बरणी आधीच झाकलेली होती, ती का झाकायची हे नंतर कळले.

आमच्या लहानपणी अनास कोणी करीत नव्हते. आजी लोणच्याच्या बरणीला फडके बांधून माळ्यावर ठेवी. भिंतींना चुना, भांड्यांना कल्हई, तांदूळ तीनदा निवडून स्वच्छ डब्यात, किद्दूशसाठी मनुकांचे सरबत आणि खजुराचा पाक. ही आमची पेसाहची तयारी. आपणांपैकी पुष्कळांना हे सांगण्याची गरज नाही.

आता मी आपणांस जर्मनीत नेते, कारण तेथे मी याच्या अगदी उलट प्रकार पाहिला.

ईस्टरच्या सकाळी आमच्या वॉर्डात प्रत्येक रुग्णाच्या ट्रेमध्ये एक रंगीत उकडलेले अंडे असे. लहान मुलांच्या विभागात चॉकलेटचे ससे असत. ससा आणि अंड्याचा संबंध काय, असे मी पहिल्याच वर्षी विचारले. बरोबरच्या सिस्टरने ठासून सांगितले, की ओस्टारा नावाची प्राचीन जर्मन देवी होती, ससा तिचे वाहन, अंडे तिचे चिन्ह आणि तिच्यावरून ओस्टर्न हे नाव. आजही पुष्कळ लोक तेथे हेच सांगतात. पुढे मी वाचत गेले तेव्हा कळले, की ही ओस्टारा याकोब ग्रिम यांनी 1835 साली जर्मन दैवतकथांवरील आपल्या ग्रंथात तर्काने उभी केली. परीकथांमुळे प्रसिद्ध असलेले हेच ते ग्रिम. त्यांचा आधार एवढाच, की बीड नावाच्या इंग्रज साधूने 725 साली एका महिन्याचे नाव एओस्त्रे या देवीवरून पडल्याचे लिहिले आहे. त्यात ससा नाही, अंडेही नाही. 1958 साली आमच्या कोलोनच्या पश्चिमेस मोर्केन-हार्फ येथे रोमन काळातील दीडशेवर शिळा सापडल्या. त्यांवर जवळपास तशाच नावाच्या मातृदेवतांना केलेले नवस आहेत. तेव्हा नाव जुने असेलही. सशाचे वाहन मात्र त्यातही नाही.

सशाची जुनी नोंद सापडते ती 1682 सालची, हायडेलबर्गच्या फ्रांक फॉन फ्रांकेनाउ या वैद्याच्या लॅटिन प्रबंधात. आल्सास आणि फाल्त्स या भागांत ससा अंडी घालून बागेत लपवतो असे मुलांना सांगतात, असे तो लिहितो. हा गृहस्थ वैद्य असल्यामुळे अंडी अति खाल्ल्याने काय होते तेही त्याने सांगितले आहे, त्यामुळे मला तो फार जवळचा वाटला! अंड्यांचे कारण तर साधे आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासात जुन्या काळी अंडी वर्ज्य असत. कोंबड्यांना उपास ठाऊक नाही. उपास सुटेपर्यंत ढीग साचे, ती उकडून रंगवीत. ईस्टरच्या आदल्या रात्री तेथे खेडोपाडी मोठाली होळी पेटवतात, ओस्टरफॉयर म्हणतात. त्यातही कित्येकांना सूर्यदेव दिसतो. मला हिवाळ्यात छाटलेल्या फांद्यांचा ढीग दिसतो. पेटवण्यापूर्वी तो ढीग हलवून आत साळिंदरासारखे छोटे प्राणी व ससे लपलेले नाहीत ना हे पाहतात, ही चाल मात्र मला फार आवडते.

आणि नावाचे म्हणाल, तर फ्रेंच, इटालियन, डच या भाषांत ईस्टरचे नाव आपल्या पेसाहवरूनच आले आहे. एकदा रात्रपाळीत एक वृद्ध बाई मला पहाटे म्हणाली, "सिस्टर, फ्रोहे पोशे!" मी चमकले. कोलोनच्या जुन्या बोलीत ईस्टरला पोशे म्हणतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. तिला मी सांगितले, की हा शब्द मुळात आमचा आहे. ती हसली आणि म्हणाली, "मग अर्धे अंडे तुमचे."

जर्मनीतल्या यहुद्यांच्या पेसाहातही ससा आहे, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. 2025 साली सेदेर शनिवारी रात्री, 12 एप्रिलला आला. शब्बाथ संपता संपता सेदेर आला की किद्दूशचा क्रम बदलतो: यायिन, किद्दूश, नेर, हवदाला, झमान. म्हणजे द्राक्षरस, किद्दूश, दिवा, हवदाला आणि शेहेहियानूची बेराखा. क्रम चुकू नये म्हणून पहिली अक्षरे जोडून यकनहाज असा शब्द केला. जर्मन कानाला तो "याग देन हाज" असा ऐकू येई, म्हणजे "सशाची शिकार कर." झाले! चित्रकारांनी हगदात कुत्रे मागे लागलेले ससे काढले. 1534 सालच्या आउग्सबुर्गच्या हगदात असे चित्र आहे, आणि पुढच्या चित्रात ससे जाळ्यातून निसटून गेलेले आहेत. पाहणाऱ्याला त्यात मिसरातून निसटलेले आपले पूर्वज दिसले असतील. ससा तर आपल्याला तोराप्रमाणे खायलाही वर्ज्य. आता कोणी म्हणेल, ख्रिस्ती लोकांचा ससा आणि हगदातला ससा एकाच मुळाचे. मुळीच नाहीत. एक मुलांच्या गोष्टीतून आला, दुसरा शब्दाच्या नादातून. एकाच देशात, एकाच ऋतूत शेजारी शेजारी राहिले, एवढेच.

माझ्या बहिणीच्या नातवाला मी हेच सांगितले. पुरीम अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी, होळी फाल्गुन पौर्णिमेला. दोन्ही पंचांगे चंद्राची, दोन्हींत मधून मधून अधिक महिना घालून ऋतू सांभाळतात. म्हणून दोन्ही सण बहुधा एकाच सुमारास येतात, अधिक महिना मागेपुढे पडला तर महिन्याचा फरक होतो. 2024 साली पुरीम 24 मार्चला होता आणि त्याच संध्याकाळी महाराष्ट्रात होळी पेटली. ज्या घरात पंचांग नाही, तेथे शेजारच्या गावाची होळी हेच पंचांग. "होळीच्या वेळचा आपला सण", त्याचा झाला होळीचा सण. पुरणपोळी शेजारणीकडून आली हे मी आनंदाने कबूल करते. पण आपल्या घरात ती सण म्हणून टिकली ती आपल्या दिवसासाठी.

हे सांगण्यास कारण आहे. 1961 ते 1964 या काळात आपल्या यहुदीपणाविषयी या देशात शंका घेतल्या गेल्या, विवाहांच्या वेळी पिढ्यापिढ्यांची चौकशी होऊ लागली, आपली माणसे रस्त्यावर उतरली, आणि 1964 साली क्नेसेटने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी असल्याचे मान्य केले. त्या दिवसांत घरात होळीचे नाव काढणे आपल्या वडीलधाऱ्यांना शहाणपणाचे वाटले नाही. त्यांना मी दोष देत नाही. पण ती भीती संपून साठ वर्षे झाली आणि आपण अजून मुलांना गप्प करतो. ज्या नावांची आपण लाज धरली, तीच आपल्याजवळची सर्वांत जुनी साक्ष आहे. ग्रंथ नसतानाही आपण पेसाह पाळीत होतो, हे दुसऱ्या कोणत्या कागदावर लिहिलेले आहे?

भाताचीही तीच कथा. जर्मनीत पहिल्या वर्षी एका घरी सेदेरला आम्हांला बोलावले. मी भोळेपणाने विचारले, भात करून आणू का? यजमानीण बाईंचा चेहरा असा झाला, की जणू मी पाव आणते म्हणाले. "पेसाहला भात? मग तुम्ही कसले यहुदी?" त्यांच्याकडे तांदूळ व कडधान्ये वर्ज्य, ही चाल तेराव्या शतकात फ्रान्समध्ये दिसू लागते आणि जर्मनीत रुजली. ती त्यांची, तिचा मान मी राखते आणि अशा घरी भात नेत नाही. मात्र तालमूदात, पेसाहिमच्या भागात, सेदेरला दोन शिजवलेले पदार्थ कोणते हवेत असा प्रश्न येतो तेव्हा राव हुना उत्तर देतात: बीट आणि तांदूळ. हे मला कळले त्या दिवशी मी घरी वासाचा तांदूळ शिजवला आणि शेजारी उकडलेले बीट ठेवले. कडू भाजीचे तसेच. मिश्नात पहिले नाव सॅलडच्या पानांचे आहे. जर्मनीच्या थंडीत एप्रिलमध्ये हिरवे पान कोठून मिळणार, म्हणून त्यांनी मेररेटिख नावाचे झणझणीत मूळ घेतले, आणि आज त्यांच्या मुलांना वाटते की मिसरातही तेच होते.

आता एक विनंती. अनासात काय घालीत, भांडे मातीचे की चिनी मातीचे, झाकताना आणि आठ दिवसांनी उघडताना घरातील कोण ते करी, हे ज्यांनी आपल्या आजीकडून किंवा सासूकडून ऐकले असेल त्यांनी आज जेवणाच्या वेळी मला गाठावे. मी वही आणली आहे. रेवदंडा, अलिबाग, पेण, पनवेल, जेथली आठवण असेल तेथले गावाचे नाव सांगा, शब्द आठवेल तसाच सांगा, शुद्ध करून नको. ज्यांना आज जमणार नाही त्यांच्यासाठी वही महिनाभर कार्यालयात राहील. माझ्या बहिणीचा नातू ती हिब्रू अक्षरांतही उतरवून घेणार आहे, कारण त्याला देवनागरी येत नाही.