पाळणाघर कोणासाठी?

कारखान्यात तीसहून अधिक स्त्री कामगार असतील, तर त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर, म्हणजे आई कामावर असताना मूल सांभाळण्याची जागा, ठेवण्याचे बंधन १९४८च्या कारखाने अधिनियमाने दीर्घकाळ घातले होते. मात्र ही मोजदाद केवळ स्त्रियांची असल्याने मालकाने हा आकडा तिशीच्या आत राखला की खर्च टळे, आणि संगोपन हे बाईचेच काम हा समज कायद्यानेच पक्का होई. प्रसूती लाभ अधिनियमाच्या २०१७च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी, मग ते स्त्री असोत वा पुरुष, असा निकष आणला, हे पाऊल निश्चितच पुढचे होते. तरीही दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा तिथे आईलाच मिळाली, बापाचा उल्लेखच नव्हता. कारखान्याबाहेर, शेतात राबणाऱ्या आईच्या मुलांना १९७५पासून चालत आलेली अंगणवाडी पोषण आहार, लसीकरण आणि शालापूर्व शिक्षण पुरवते, पण ती काही तासच उघडी असते. त्यामुळे सोयाबीन काढणीला किंवा ऊसतोडीला गेलेली आई परतेपर्यंत धाकट्याला कडेवर घेणारी थोरली बहीण (भाऊ क्वचितच) शाळेला मुकते, आणि हजेरीपटावर मात्र तिची नोंद केवळ गैरहजर अशी होते.