व्यायामाचा तास

शाळेच्या वेळापत्रकात व्यायामाचा तास असतो. परंतु परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी बळी जातो तो ह्याच तासाचा. गणिताचे राहिलेले प्रकरण त्या वेळात उरकले जाते आणि मुले खिडकीतून मैदानाकडे पाहत राहतात. त्यात काही गमावले असे कोणासच वाटत नाही, कारण ह्या तोट्याचा हिशेब शाळेत मांडला जात नाही. तो मांडला जातो मूल पन्नाशीला पोहोचल्यावर.

हाडांचेच उदाहरण घ्यावे. धावणे, उड्या मारणे, वजन पेलणे ह्यांमुळे हाडांवर ताण येतो व त्या ताणानेच ती बळकट होतात. वयात येण्याच्या काळात ही घडण विशेष वेगाने होते. तिशीच्या सुमारास ती पूर्णत्वास पोहोचते आणि पुढे झीज सुरू होते. म्हणजे म्हातारपणी जी पुंजी खर्चावयाची, ती मुख्यतः बालपणी व तारुण्यातच साठवावी लागते. स्त्रियांची पाळी थांबल्यावर ही झीज अधिकच वाढते. तरीही मैदानावरून प्रथम घरी बोलावली जाते ती मुलगीच!

हृदयाची कथाही अशीच आहे. डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनच्या बस-कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली गाडीचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. पुढे १९५६ साली गणवेशांची मापे तपासली, तेव्हा तरुण चालकांच्या विजारीही कमरेला अधिक रुंद आढळल्या. ह्याने व्यायामाची महती खोटी ठरली नाही. मात्र दोघांतील फरकाचा काही भाग नोकरीच्या पूर्वीचाच असावा, हे दिसून आले. शरीराची जोपासना नोकरी लागल्यावर सुरू करणे म्हणजे उशीरच होय.

बडोद्याला हा विचार परका नाही. जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव ह्यांनी पुढे नेली. निवडक पहिलवानांच्या कौतुकावर न थांबता त्यांनी सांघिक व्यायामाचा प्रसार केला. एका आज्ञेसरशी सारा समुदाय हालचाल करू लागला. ह्याच नगरीत द. चिं. मुजुमदार ह्यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. ह्या परंपरेतून शाळांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. अकरा खेळाडूंचा संघ निवडून उरलेल्यांना प्रेक्षक करणे, हे शारीरिक शिक्षण नव्हे. ज्या मुलाला धाप लागते, जे मागे राहते, त्यालाच ह्या तासाची गरज अधिक.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोमदार हालचाल आवश्यक मानली. २०१६ च्या जागतिक अंदाजानुसार, शाळेत जाणाऱ्या ११ ते १७ वर्षांच्या दर शंभरांपैकी ८१ मुले हे प्रमाण गाठत नव्हती.

शाळेच्या एका तासाने ही उणीव सर्वस्वी भरून निघणार नाही. परंतु त्या तासाला लागलेली गोडी व अंगी बाणलेली सवय शाळा सुटल्यावरही सोबत करते. गणिताचे राहिलेले प्रकरण पुढल्या वर्षी शिकता येईल. बाराव्या वर्षी न घडलेले शरीर घडविण्यास बारावे वर्ष पुन्हा येत नाही.