बसवलेलं रीडिंग



व्याख्यानमालेचे हे दिवस म्हणजे दहावीच्या निकालाची वाट बघण्याचे दिवस. याच सुमारास काही घरांत विषय निघतो: अकरावी, की आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा डिप्लोमा? फीचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करता. मी बोलणार आहे प्रवेशानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांबद्दल. बरीच वर्षं एसएससीला विज्ञान शिकवून मी आयबीच्या वर्गावर भौतिकशास्त्र शिकवू लागलो, त्यामुळे हे पाणी मीही चाखलेलं आहे.

दहावीला पंच्याण्णव टक्के मिळवून आलेली एक मुलगी. पहिलाच प्रयोग साध्या लंबकाचा. मीटरभर दोरा, वीस आंदोलनं, घड्याळात ४०.५ सेकंद. तिनं गणित केलं, गुरुत्वत्वरण आलं ९.६. क्षणभर थांबली, ४०.५ खोडून ४०.१ लिहिलं आणि उत्तर ९.८ आणलं. आपल्याकडे याला रीडिंग 'बसवणं' म्हणतात. जर्नलवर सही मिळवायची तर ते बसवावंच लागतं, हे तिला कुणीतरी मायेनंच शिकवलेलं होतं.

मी तिला दोरा पुन्हा मोजायला लावला. तिनं लांबी गोळ्याच्या हुकापर्यंतच धरली होती; ती गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. दोन सेंटिमीटर राहिले होते, आणि तिचं ९.६ तेवढ्यानंच आलं होतं. तिचं खोडलेलं रीडिंग बरोबर होतं! आयबीच्या विज्ञान विषयांत विद्यार्थ्यानं स्वतः प्रश्न ठरवून केलेल्या प्रयोगाच्या अहवालाला २० टक्के वजन असतं. तिथे आपली चूक कुठे आणि किती, हे सांगणाऱ्या ९.६ ला मान आहे, बसवलेल्या ९.८ ला नाही.

मुलं अडखळतात ती इथे. पालकांना वाटतं, इंग्रजी कच्चं आहे. इंग्रजी सहा महिन्यांत सुधारतं. 'सर, अपेक्षित उत्तर काय?' ही सवय जायला जास्त वेळ लागतो.

जिनिव्हात १९६८ साली सुरू झालेल्या आयबी या संस्थेच्या डिप्लोमाची रचना बघा. विषय सहा, साधारणतः तीन वरच्या पातळीवर, म्हणजे प्रत्येकी २४० तास, आणि तीन साध्या पातळीवर, प्रत्येकी १५० तास. शिवाय स्वतः निवडलेल्या विषयावर ४००० शब्दांपर्यंतचा निबंध, आणि 'हे आपल्याला कशावरून कळलं?' असं विचारणारा ज्ञानमीमांसेचा अभ्यास. प्रत्येक विषयाला सातपैकी श्रेणी, निबंध आणि ज्ञानमीमांसा या दोन्हींचे मिळून जास्तीत जास्त तीन गुण, एकूण ४५.

आता घरातलं दृश्य. पहिल्या सत्रात मुलीला सातपैकी चार मिळतात. बाबा मोबाइलवर भागाकार करतात: सत्तावन्न टक्के! दुसऱ्याच दिवशी क्लासची चौकशी. कृपा करून हा भागाकार करू नका. चार ही श्रेणी आहे. तिची टक्केवारी होत नाही. पहिलं सत्र पडण्यासाठीच असतं असं समजा, आणि क्लासचा वेळ झोपेला द्या.

दुसरं, वरच्या पातळीचे तीन विषय प्रतिष्ठेसाठी निवडू नका. पुढच्या शिक्षणाला जे लागतं आणि मुलाला जे आवडतं, तेवढंच घ्या. तिसरं, या सुट्टीत एक सवय लावा: कुठूनही काही उतरवून घेतलं की शेजारी लिहायचं, हे कुणाचं आणि कुठलं. आपल्याकडे गाइडमधला निबंध पाठ करून लिहिला की शाबासकी मिळते. तिथे तेच वाङ्मयचौर्य ठरतं, आणि मुलाला आपण काय गुन्हा केला हे कळतही नाही.

शेवटचं घरचं. शाळेत आपण मुलांना सांगतो, मत मांडा, दुसरी बाजू तपासा. घरी जेवताना तेच मूल बोललं की म्हणतो, उलट बोलू नकोस. दिवसा एक आणि रात्री दुसरं, असं दोन वर्षं कसं चालेल? वाद मराठीत घातला तरी चालतो. मराठीत नीट घातलेला वाद इंग्रजीत उतरायला वेळ लागत नाही. म्हणून एखाद्या रात्री मुलगी ताटावरून म्हणाली, 'बाबा, मला तसं नाही वाटत,' तर रागावू नका. 'का?' एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. पहिलं उत्तर कदाचित ९.६ येईल. ते बसवायला सांगू नका.