गडग्यापलीकडचे रान

शेतात रान माजले की आपल्याकडे त्या घराला नावे ठेवतात. श्रोतेहो, अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यात, वुडस्टॉक गावालगत, अशी एक टेकडी आहे की जिथल्या कुरणांचे रान झाले आणि ते रान आज राष्ट्राचे धन म्हणून राखले जाते.

माउंट टॉम हे तिचे नाव. तिच्या पायथ्याशी मार्श कुटुंबाची शेतीवाडी होती. या घराण्यात 1801 साली जॉर्ज पर्किन्स मार्श जन्मला. अतिवाचनाने बालपणीच त्याचे डोळे अधू झाले. तेव्हा पुस्तक मिटून तो झाडांत नि ओढ्यांकाठी रमला. घोडागाडीतून जाताना वडील त्याला वृक्षांची नावे सांगत, कोणते पाणी कोणत्या उताराने वाहते ते दाखवीत. परंतु भोवतालचे डोंगर उघडे पडत होते. आधी कुऱ्हाड आली, मागून मेंढ्यांचे कळप. माती धुपून जाऊ लागली. पुढे 1864 साली त्याने ‘मॅन अँड नेचर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मनुष्यच आपल्या भूमीची नासाडी कशी करतो, ते देशोदेशींच्या दाखल्यांनी मांडले.

1869 साली ही जमीन फ्रेडरिक बिलिंग्ज या वकिलाने विकत घेतली. याच गावात वाढलेल्या या गृहस्थाने कॅलिफोर्नियातील सोन्याच्या धामधुमीत वकिली करून पैसा मिळविला होता. मार्शचा ग्रंथ त्याने वाचलेला होता. सखल जमिनीवर त्याने जर्सी गाई पाळल्या; उघड्या उतारांवर मात्र स्प्रूस आणि लार्च यांची रोपे लावली. कोकणातील वरकस जमिनीच्या धन्याला यातील शहाणपण चटकन उमगेल. अर्थात बिलिंग्जला वाट पाहणे परवडत होते. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला ते कोठून परवडावे?

तेथे जाणारा पाहुणा आज जुन्या गाडीवाटेने चढतो. उंच स्प्रूसांखाली भरदुपारी अंधारी असते, पायाखाली वाळल्या सुयांचा मऊ थर. मध्येच एखादा दगडी गडगा आडवा येतो. रानात गडगा कशासाठी, असा प्रश्न पडतो. मग ध्यानी येते की येथे पूर्वी मेंढरे चरत होती. वर पोग नावाचे शांत तळे आहे.

1890 साली बिलिंग्ज वारला. पत्नीने व मुलींनी काम चालू ठेवले. नात मेरी व तिचे पती लॉरन्स रॉकफेलर यांनी ही मालमत्ता राष्ट्राला दिली आणि 1992 साली तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्यात आजही निवडक झाडे तोडली जातात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

मार्श 1861 साली वकील म्हणून इटलीला गेला, तो परतलाच नाही. 1882 साली तेथेच, व्हालोंब्रोसाच्या वनराईत, तो निवर्तला. आपल्या टेकडीवरची ही झाडे त्याने कधी पाहिली नाहीत.