ओसरीवरचा सल्ला



मी सातवी शिकलेली. शिकल्यासवरल्यांना सल्ला काय देणार? पण गेल्या पावसाळ्यात, चिखलदऱ्याच्या धुक्याला कंटाळून, आमच्याकडे जेवायला असलेली परिचारिका नोकरी सोडायला निघाली. मी तिला बैरागडच्या कोल्हे दांपत्याची हकीकत सांगितली. स्मिताताई नागपूरचा चालता दवाखाना सोडून मेळघाटात आल्या. आजाराच्या मुळाशी भूक दिसली, तेव्हा डॉक्टर रवींद्रांनी शेतीही हाती घेतली. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली.

ती राहिली. दुसरीची आई अंथरुणाला खिळली होती, तिला मात्र मीच म्हटले, "जा बाई."

आता बदलून आलेल्या शिक्षिकाही ओसरीवर मन मोकळे करतात. मी आधी ऐकते, मग बोलते. चाळिशीनंतर मला हे काम सापडले. तुम्हांलाही आपापले सापडो!